पावट्याएवढी गाठ

माझ्या बायकोला मी फसवलं. एका डॉक्टरनं अर्धीच गोष्ट सांगून मला फसवलं, असं मी बरीच वर्षं लोकांना ऐकवत आलो, आणि त्या माणसावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. पण क्रम लावायचा तर पहिला मी. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण लिहिता लिहिता मी हळूच डॉक्टरवर घसरेन हे मला माहीत आहे.

मी भाजीचा व्यापारी. सातवीत शाळा सुटली. डोक्यावर पाटी घेऊन कोल्हापूरच्या गल्ल्यांत कोथिंबीर विकली आणि तिशीच्या आत गोव्याला लॉऱ्या भरून पाठवायला लागलो. कोडोलीकडची वांगी, काकडी, मुळा, गाजर, सगळं गगनबावड्याचा घाट उतरून जायचं. भाव करण्यात मला कुणी हरवलेलं आठवत नाही. समोरच्याला किती घाई आहे हे मी त्याच्या उभं राहण्यावरून ओळखायचो. आवाज मोठा, डोकं गरम. मार्केट यार्डातले हमाल मला लांबून येताना बघून पोती नीट लावायला घ्यायचे.

घर आमचं लिंगायतांचं. मूळ गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेला लागून. त्यामुळं घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वाच्या राज्यात अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. बायको रोज सकाळी आंघोळ करून डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग घ्यायची, भस्म लावायची, बेलाचं पान वाहायची, आणि मगच चुलीकडं वळायची. ती लग्न होऊन आली तेव्हा अव्वानं तिला एवढंच बजावलं होतं, की भांडण केलंस तरी चालेल, सोवळं मोडायचं नाही. तिनं सोवळं तर पाळलंच. वर भांडायचीही नाही.

गोव्याचं सांगतो. तिथला माझा मोठा खरेदीदार सौदा कधी दुकानात करायचा नाही. रस्त्याकडेच्या एका खानावळीत बसवायचा, ताट मागवायचा, आणि जेवता जेवता बोलायचा. पहिल्या वेळी मी भात आणि ताक घेतलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याला परका समजतोय. दुसऱ्या वेळी मी त्याच्या ताटातला एक तुकडा उचलला. डुकराचं होतं, निखाऱ्यावर घाईनं भाजलेलं, आत लाल. सौदा झाला. पुढं मला ते आवडायला लागलं, हेही लिहायला पाहिजे. सौदा नसतानाही मी तिथं जाऊन बसायचो. बसण्याआधी गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढून लॉरीच्या केबिनमध्ये ठेवायचो. परत घाटावर आलो की घालायचो. हे तीन-चार वर्षं चाललं.

मधल्या काळात मला शौचाला पांढरे चपटे तुकडे पडायला लागले. भोपळ्याच्या बियांसारखे. एकदा त्यातला एक हललेला मी बघितला. मी कुणाला बोललो नाही. लहानपणी आम्हा सगळ्यांना जंत व्हायचे, त्यात काय विशेष, असं म्हणून वर्षभर तसंच काढलं. मग एका औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतल्या आणि ते थांबलं. विसरून गेलो.

माझी एक सवय होती. यार्डातून घरी येताना मी चांगल्यातला मुळा, गाजर, काकडी काढून आणायचो. भाजीवाल्याला माल मोडून बघायची खोड असते. नखानं माती खरवडायची, सदऱ्याला पुसायचं, कटकन मोडायचं आणि तोंडात टाकायचं. मी तसाच दारात उभा राहून मुळा मोडायचो आणि अर्धा तिच्या हातात द्यायचो. ती विळीजवळ बसल्या बसल्या खायची. आमच्यात गोड बोलणं फारसं नव्हतं. एवढंच होतं. यार्डात पाण्याचा एकच नळ, साबण कुठला? पँटला हात पुसून आम्ही कामाला लागायचो.

एक दिवस आंघोळ करताना तिला डाव्या स्तनात गाठ लागली. पावट्याच्या दाण्याएवढी, बोटाखाली सरकणारी. तिनं महिनाभर सांगितलं नाही. मग एका सकाळी पूजा झाल्यावर म्हणाली, "अहो, जरा आत या." तिनं माझा हात धरून तिथं ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी दिवसभर माणसांची तोंडं वाचणारा माणूस. माझं तोंड तिनं त्या दिवशी वाचलं.

कॅन्सर हाच शब्द दोघांच्या मनात होता. तो तिनंही उच्चारला नाही आणि मीही नाही. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

सर्जननं गाठ हातानं चाचपून बघितली आणि काढून तपासायला पाठवू म्हणाला. भूल देऊन अर्ध्या तासात काढली. रिपोर्टला आठ दिवस लागतील म्हणाला. मी तिथंही घासाघीस केली. "आठ कशाला? चार दिवसांत द्या. पुण्याला पाठवा, मी माणूस धाडतो." तो म्हणाला, "हे वांगं नव्हे, वेळ लागतो." ते आठ दिवस मी यार्डात कुणाशी भांडलो नाही. हमालांनी एकमेकांना विचारलं म्हणे, मालकांना काय झालंय.

आठव्या दिवशी मी एकटाच गेलो. डॉक्टरनं कागद बघितला आणि म्हणाला, "कॅन्सर नाही."

मी उठून उभा राहिलो. हात जोडले. तो पुढं काहीतरी बोलत होता. "जंताची अळी आहे. गाठ धरून बसलेली. गोळ्या लिहून देतो. आणि घरातल्या सगळ्यांची..." बाहेर चाळीस माणसं बसलेली, एक बाई दारातून आत डोकावत होती, आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मी म्हणालो, "देवमाणूस आहात," आणि बाहेर आलो. त्यानंही मला परत हाक मारली नाही.

बाहेर कागद देणारा जो माणूस होता त्याला मी विचारलं, "कसला जंत म्हणायचा हा?"

"डुकराचा की," तो पावती फाडत म्हणाला. "डुकराचं मटण खाणाऱ्याला व्हतोय."

मला गोव्याच्या खानावळीतलं ताट आठवलं. पण आनंद एवढा मोठा होता, की मी ते बाजूला सारून घरी पळत आलो. अव्वा आणि बायको दोघी सोप्यात बसल्या होत्या. मी दारातूनच ओरडलो, "कॅन्सर न्हाय! जंत हाय नुसता, डुकराचा!"

बायको रडायला लागली. सुटकेनं. अव्वा रडली नाही.

"कशाचा म्हणालास?"

मी चपला काढायला खाली वाकलो.

"डुकराचा? आपल्या घरात? शिवा, शिवा." अव्वा बायकोपासून हातभर मागं सरकली. "कसा आला गं तुझ्या अंगात?"

इथं मला एक क्षण मिळाला होता. तो किती लांब होता हे मी नंतर हजारदा मोजून बघितलं आहे. मी म्हणू शकत होतो, की अव्वा, गोव्यात मी खातो. तेवढं म्हटलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण माझं व्यापाऱ्याचं डोकं भलतीकडं चाललं. मी एवढी वर्षं खातोय, माझ्या अंगात गाठ नाही. तिच्या अंगात आहे. म्हणजे तिनं खाल्लंय. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

"कुठं खाल्लंस?" मी विचारलं. माझा आवाज गल्लीपर्यंत गेला असणार.

"काय?"

"खाल्लंस कुठं? कुणाकडं गेलतीस?"

तिचे डोळे अजून ओले होते. "मी कुठं जाणार खायाला? माहेराला जाऊन दोन वर्षं झाली. तुमच्या घरात रांधते, तुमच्या घरात जेवते." मग ती थांबली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही खाता काय? गोव्याला?"

अव्वा भडकली. "माझ्या लेकावर ढकलतीस व्हय? लाज वाटू दे की गं!"

मी सदऱ्यातून लिंगाची डबी बाहेर काढली, मुठीत धरली आणि म्हणालो, "या लिंगाची शपथ. मी खात न्हाय."

बायकोनं माझ्या मुठीकडं बघितलं. परत काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अव्वाची पाण्याची घागर वेगळी झाली. बायकोनं केलेलं अव्वा खाईना. सत्तरीतली बाई, गुडघे धरलेले, स्वतःची भाकरी स्वतः थापायची. पाव्हणंरावळं आलं की अव्वा काही बोलायची नाही, पण स्वतःच्या घागरीतलं पाणी स्वतः उठून द्यायची, आणि लोकांना कळायचं ते कळायचं. गावाकडं बातमी पोचायला महिना लागला नाही. बायकोच्या भावाचं लग्न होतं, त्यात तिला ओवाळायला पुढं बोलावलं नाही. ती मांडवाच्या मागच्या बाजूला मुलीला घेऊन बसली.

अव्वानं एक वाट काढली होती. मठात जाऊन स्वामींच्या पुढं चूक कबूल करायची, परत दीक्षा घ्यायची, संपलं. बायको नाही म्हणाली.

मी तिला समजावलं. मला वाटलं हा चांगला तोडगा आहे. "एकदा जाऊन ये की. काय जातंय तुझं? अव्वा पण खूश, घर पण शांत."

"चुकले असते तर गेले असते."

"चुकली न्हाईस तरी जा. अर्ध्या तासाचं काम हाय."

"तुम्ही भाव करताय," ती म्हणाली. "करू नका."

ती गेली नाही. दर वर्षी विषय निघायचा आणि दर वर्षी ती नाही म्हणायची. गळ्यातलं लिंग तिनं उतरवलं नाही, पूजा चुकवली नाही. अव्वा पूजेच्या वेळी तिच्याकडं पाठ करून बसायची. मी दारात उभा राहून मुळा मोडून द्यायचो, तो ती घेईनाशी झाली. "ठेवा तिथं," म्हणायची. गोव्याच्या खानावळीत मी परत पाय ठेवला नाही. त्याचंही मी मनातल्या मनात स्वतःला श्रेय देत होतो.

अशी आठ वर्षं गेली. मुलगी सहावीत होती. एका सकाळी भाकरी थापता थापता बायकोचा हात थांबला, तोंड वाकडं झालं आणि ती पिठावर आडवी झाली. हातपाय झटकत होती. फिट आली होती. मुलगी किंचाळली, मी कांदा फोडून नाकाला लावला. अव्वा तिच्या कोपऱ्यात उभी होती. तिनं पाणी आणलं, पण जवळ आली नाही. तांब्या लांब ठेवला आणि मला म्हणाली, "घे."

मेंदूच्या डॉक्टरनं फोटो काढायला लावले. तो तरुण होता, शांत बोलायचा. त्यानं आम्हा दोघांना समोर बसवलं आणि फोटोवर पेनाचं टोक ठेवलं. "हे तीन ठिपके दिसतात? या जुन्या, वाळलेल्या गाठी आहेत. आधी अंगात कुठं गाठ आली होती का?"

बायकोनं सांगितलं.

"तोच जंत. घरात कुणी पोर्क, म्हणजे डुकराचं मांस खातं का?"

"मी खाल्लं न्हाय," बायको पटकन म्हणाली. आठ वर्षांत तिला ते वाक्य पाठ झालं होतं.

"तुम्ही खाल्लंत असं मी म्हणतच नाही," डॉक्टर म्हणाला. "उलट आहे. नीट न शिजलेलं मांस जो खातो, त्याच्या आतड्यात लांब पट्टीसारखा जंत वाढतो. त्याला स्वतःला फारसं काही होत नाही. शौचातून चपटे तुकडे पडतात, त्यात अंडी असतात. हात नीट न धुता त्यानं कुणाला काही खायला दिलं, की ती अंडी दुसऱ्याच्या पोटात जातात, आणि त्या दुसऱ्याच्या अंगात अशा गाठी होतात. कधी स्तनात, कधी डोळ्यात, कधी मेंदूत. शुद्ध शाकाहारी माणसांमध्ये हे मी कितीतरी वेळा बघितलंय. म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची असते. तेव्हा कुणी सांगितलं नाही?"

बायको माझ्याकडं वळली. बराच वेळ बघत होती. 

मी काय विचारलं असेल? मी विचारलं, "डॉक्टर, भाजीतून पण येऊ शकतं ना हे? घाण पाण्याच्या भाजीतून?"

"येऊ शकतं."

"मग कुठून आलं ते सांगता येत न्हाय."

"नक्की नाही सांगता येणार."

बाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. बायको म्हणाली, "भाजी तरी कुणाची खात होते मी?"

मग मी तिला सगळं सांगितलं. खानावळ, केबिन, डबी, चपटे तुकडे, गोळ्या. रस्त्यावर उभं राहून.  मी थांबल्यावर ती म्हणाली, "हे अव्वांना सांगा. माझ्यासमोर सांगा. मला बाकी काही नको."

मी हो म्हणालो. त्याच आठवड्यात मी त्या जुन्या सर्जनकडं गेलो आणि त्याच्या दवाखान्यात आरडाओरडा केला. त्यानं मला बसवलं, जुना कागद आणायला लावला. कागद मी जपून ठेवला होता, पण इंग्रजीत होता, मी कधी वाचून घेतला नव्हता. खाली त्याच्या हातानं एक ओळ लिहिलेली होती. घरातल्या सगळ्यांची शौचतपासणी करावी, असं. तो म्हणाला, "तुम्ही हात जोडून निघून गेलात. बाहेर चाळीस माणसं होती." मी म्हणालो, "मागं बोलवायचं होतं." तो म्हणाला, "बोलवायला पाहिजे होतं." त्यानं ते मान्य केलं म्हणून माझा राग कमी झाला नाही. उलट वाढला. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं कबूल केलं की काय करावं कळत नाही.

अव्वाला मी सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो. श्रावण होऊ दे. दिवाळी होऊ दे. तिचा रक्तदाब वाढलाय, जरा उतरू दे. मी बायकोकडून तारखा मागून घेत होतो आणि ती देत होती. माझ्या आयुष्यातला एवढा हलका सौदा मी कधी केला नसेल. दीड वर्ष गेलं.

मग अव्वाला अर्धांगवायू झाला. दवाखान्यात बारा दिवस होती. बोलता येत होतं, तोंडातल्या तोंडात. बायको रात्रंदिवस तिथंच. अव्वाला पुसायची, कूस बदलायची, ते अव्वा करू द्यायची. पण पाण्याचा चमचा बायकोनं तोंडाशी नेला की अव्वा ओठ मिटून घ्यायची. नर्सच्या हातचं प्यायची. नर्स कोण, कुठली, काय खाणारी, अव्वानं कधी विचारलं नाही. बाराव्या दिवशी दुपारी मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. बायकोनं चमचा वाटीत ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं गेलो. म्हटलं, आता या अवस्थेत कसं सांगायचं? संध्याकाळपर्यंत अव्वा गेली.

अव्वाच्या दिवसकार्याला, शिवगणाराधनेला, सगळे पाहुणे जमले, सीमेपलीकडचेही. जेवणं झाल्यावर मी उठलो आणि अव्वाच्या धाकट्या भावापुढं, म्हणजे माझ्या मामांपुढं, सगळ्यांच्या देखत बोललो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उष्ट्या पत्रावळी गोळा करून उभी होती. मी म्हणालो, डुकराचं मी खाल्लं. तिला माझ्यामुळं झालं. लिंगाची शपथ मी खोटी घेतली.

 मग मामा हसले. खरंच हसले.

"आरं लेका, गोव्याला जाऊन काय भजन करणार व्हतास? पुरुषमाणूस हाय. भायेर फिरताना व्हतंय की." आणि दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, "एकदा मठात जाऊन ये, झालं." तिसऱ्यानं सुपारी मागितली. माझ्या पाठीवर थाप पडली. त्याच संध्याकाळी मामांनी माझ्या हातचं पाणी घेतलं, पानही घेतलं.

बायको पत्रावळी टाकायला मागच्या दारी गेली. त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. ती अजून फिटच्या गोळ्या घेते, एकही चुकवत नाही. मी यार्डात जातो, ती नातवाला शाळेत सोडते. तिनं मला माफ केलं की नाही हे मी विचारलेलं नाही, आणि विचारायचा मला हक्क आहे असंही वाटत नाही.

पण मामा, तुम्ही अजून आहात. तुमच्या पंगतीला बसलेले निम्मे लोक आहेत. हे कुणाकडून तरी वाचून घ्या. न खाल्लेल्या बाईला तुम्ही साडेनऊ वर्षं तांब्या लांब ठेवून पाणी दिलंत, भावाच्या लग्नात मांडवामागं बसवलंत, आणि खाल्लेल्या, खोटी शपथ घेतलेल्या माणसाच्या पाठीवर पाच मिनिटांत थाप मारलीत. मला वाळीत का टाकलं नाहीत? माझी घागर वेगळी का केली नाहीत? मी माझं उत्तर दिलं, उशिरा दिलं, देत राहीन. तुमचं कुठं आहे? माझ्याकडं नका देऊ. कोल्हापूरला या, ती घरीच असते, तिच्यासमोर उभं राहा आणि तिला द्या.